कडी लावून बघितली का?

आधीच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी पास होण्यापुरता विषय होता आणि त्यानंतर तर तोही सुटला. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने, म्हणजे माझ्या रूम पार्टनरनेच, "या वर्षी तू लिहायचंस, नाहीतर माझी इस्त्री मागायची नाही" असा दम दिला तेव्हा मी आधी हसले आणि मग मुकाट्याने लिहायला बसले. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासलंय. विचार चुकले असतील तर ते माझे!

विषय आहे कडी. हो, आपण दाराला लावतो तीच. फक्त ही कडी विमानाची आहे.

पण विमानाच्या आधी आपलं वर्कशॉप. फर्स्ट इयरला पहिल्याच प्रॅक्टिकलला इन्स्ट्रक्टर सर मला म्हणाले, "ती कानस दे गं इकडे." मला ऐकू आलं 'कणीस'. वर्कशॉपमध्ये कणीस कुठून येणार म्हणून मी बावळटासारखी इकडेतिकडे बघत राहिले आणि अख्खी बॅच खो खो हसली. कानस म्हणजे फाइल, हे मला त्या दिवशी कळलं. ती चालवायची कशी हे मात्र त्या वर्षी कळलंच नाही.

फिटिंगचा जॉब सगळ्यांना आठवत असेल. लोखंडाच्या दोन पट्ट्या. एकीला 'व्ही' आकाराची खाच पाडायची, दुसरीला त्या खाचेत बरोबर बसणारं टोक काढायचं. दोन्ही एकमेकींत बसवून उजेडाकडे धरायच्या, फटीतून उजेड दिसता कामा नये. माझ्या जॉबमधून उजेडच काय, पलीकडे उभे असलेले सर दिसत होते. मग मी तेच केलं जे बरेच जण करतात. सीनियरचा जुना जॉब आणला, त्याच्यावरचा नंबर घासून काढला आणि माझा रोल नंबर पंच केला. दहापैकी नऊ मार्क! त्या सेमिस्टरला मी कानस खरी चालवली ती फक्त दुसऱ्याचा नंबर घासायला.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री अकराच्या सुमारास आमच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये फर्स्ट इयरची एक मुलगी अडकली. आतली कडी अर्धवट सरकून जाम झाली होती. बाहेर आम्ही तीसेक जणी जमलो. त्यात मेकॅनिकलच्या सात. प्रत्येकीकडे सल्ला होता. "दार वर उचल", "आत ओढून मग सरकव", एकीने तर मोमेंट कुठल्या पॉइंटभोवती घ्यायचा तेही सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर मात्र एकीकडेही नव्हता. आतून आधी हसण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला, मग रडण्याचा यायला लागला. पाऊण तासाने वॉचमनकाका पहार घेऊन आले आणि त्यांनी कडीच उखडली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा एम-टूचा पेपर होता. तो कसा गेला हे तिला विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

नंतर नवीन कडी बसवली गेली. पण दार थोडं वर उचलल्याशिवाय ती कोयंड्यात जातच नव्हती. आम्हाला सवय झाली. नवीन मुलींना आम्ही पहिल्या दिवशी मेसची वेळ सांगतो, वायफायचा पासवर्ड सांगतो आणि "बाथरूमचं दार उचलून कडी लाव" हेही सांगतो. कडी बसली, बिल झालं. कडी लागते का, ते बसवणाऱ्याने लावून बघितलं नाही. आणि आम्ही भावी इंजिनियर? आम्ही दार उचलायला शिकलो.

असो. आता विमान.

सेकंड इयर संपल्यावर सुट्टीत मी मामाकडे गेले. मामा अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटनजवळ राहतो. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. त्यांचं सायकलचं दुकान तिथलंच. मामा गेली सहा वर्षं घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधतोय. खेळण्यातलं नाही, स्वतः बसून उडवायचं. 'आरव्ही-7' नावाचं दोन आसनी ॲल्युमिनियमचं विमान. याचं किट मिळतं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन नावाच्या इंजिनियरने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कंपनी काढली आणि आजवर लोकांनी घरी बांधलेली 11 हजारांहून जास्त आरव्ही विमानं उडाली आहेत. आमच्या मामीच्या मते मात्र, "विमान आत झोपलंय आणि माझी गाडी सहा वर्षं बर्फात उभी आहे."

तिथे असं विमान बांधणं कायदेशीर आहे, त्याला 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात परवानगी मिळते. अट एकच महत्त्वाची. कामाचा मोठा वाटा, म्हणजे अर्ध्याहून जास्त, हौशी माणसांनी स्वतः केलेला पाहिजे आणि तोही स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी. लोक याला '51 टक्क्यांचा नियम' म्हणतात. मला यातला 'शिक्षणासाठी' हा शब्द फार आवडला. सरकार म्हणतं, तू यातून शिकणार असशील तर बांध. आणखी एक गंमत म्हणजे नोंदणीत उत्पादक म्हणून किटच्या कंपनीचं नाव लागत नाही, बांधणाऱ्याचं लागतं. आणि आत एक पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे, प्रमाणित विमानांचे नियम याला लागू नाहीत. म्हणजे शेजारी बसणाऱ्याने बसण्यापूर्वी वाचावं!

मी पोचले तेव्हा फक्त कॅनॉपीची कडी बसवायची होती. कॅनॉपी म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण. या विमानाला वेगळं दार नसतं, झाकण हेच दार. मामाचं झाकण सरकणारं आहे. दोन बाजूंना दोन रूळ, मागे मधोमध तिसरा, त्यावरून ते मागे सरकतं आणि आपण पंखावरून आत उतरतो. पुढे ओढलं की ते रोल बारला, म्हणजे विमान उलटलं तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला, येऊन टेकतं. तिथे वर मधोमध एक हँडल. ते फिरवलं की एक हुक रोल बारवरचा अडकवा पकडतो. त्याच वेळी मागच्या दोन पिना आपापल्या भोकांत गेलेल्या असतात. एवढंच.

"मामा, सगळं तर झालंय. आता कडीच तर राहिलीय," मी म्हटलं.

"हो ना. कडीच तर राहिलीय," तो म्हणाला. तेच शब्द, पण त्याच्या तोंडून ते वेगळेच वाटले.

त्याचा अर्थ मला आठवडाभराने कळला. विमान बांधताना प्रत्येक पायरीला अर्धा-एक मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. झाकणाची पाइपची चौकट थोडी वाकडी येते, ती हाताने वाकवून जुळवावी लागते. वरचं ॲक्रिलिक कापताना कडा थोडी कमी-जास्त होते. रूळ एका बाजूला केसभर वर बसतो. त्या त्या वेळी हे सगळं खपून जातं. पण या सगळ्या छोट्या चुका चालत चालत शेवटी कडीपाशी येऊन जमतात. आणि कडीला मात्र एकाच ठिकाणी अडकायचं असतं. म्हणून ड्रॉइंगमध्ये बाकी सगळी मापं असली तरी हुकाचा शेवटचा भाग जागेवर बघून घासायचा असतो. हे दुसऱ्या कुणाच्या विमानावरून उतरवता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, याची जीटी मारता येत नाही!

ॲक्रिलिकचं प्रकरण तर आणखी नाजूक. थंडीत कापलं किंवा साध्या ड्रिलने भोक पाडलं तर तडा जातो, म्हणून लोक उन्हाळ्यातल्या गरम दिवसाची वाट बघतात. शिवाय ते तापमानाने ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं. मी हिशोब केला. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर एक मीटर ॲक्रिलिक सुमारे 2.1 मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम सुमारे 0.7. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक! म्हणून स्क्रूची भोकं मुद्दाम थोडी मोठी ठेवतात, नाहीतर झाकण स्वतःलाच फाडेल. थर्मल एक्स्पान्शनवर मी आजवर चार गणितं सोडवली असतील. भोक मोठं का ठेवतात हे मात्र पहिल्यांदाच कळलं.

एका संध्याकाळी मामाने विचारलं, "या कडीवर लोड किती येईल?"

"झाकणाच्या वजनाइतका," मी ठोकून दिलं.

"अगं, वजन खाली जातं. कडीला त्रास वजनाचा नाही, हवेचा आहे. फ्लुइड मेकॅनिक्स शिकलीस ना?"

शिकले होते. फर्स्ट क्लास होता. कागद घेतला. ताशी 290 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 80 मीटर. त्या वेगाला हवेचा डायनॅमिक प्रेशर 3900 पास्कलच्या आसपास येतो, म्हणजे एका चौरस मीटरला 400 किलो. पंखाच्या वरच्या बाजूसारखंच झाकणाच्या फुगीर पाठीवरही हवेचा दाब कमी होतो आणि झाकण वर ओढलं जातं. त्यातला निम्मा परिणाम धरला आणि झाकण वरून एक चौरस मीटरचं मानलं, तरी 200 किलो! हा ढोबळ अंदाज. ही ओढ रूळ, मागच्या पिना आणि कडी यांच्यात वाटली जाते. पण मी त्या बोटभर हुकाकडे नंतर वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

मग हा हुक धक्क्याने आपोआप उघडत का नाही? त्याचं उत्तर आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभं आहे. मोटारसायकलचा मेन स्टँड बघा. तो सरळ उभा राहून थांबत नाही, मधला बिंदू ओलांडून थोडा पुढे जातो. त्यामुळे गाडीचं वजन स्टँड मिटवत नाही, उलट आणखी घट्ट करतं. चांगली कडीही तशीच. हुक मध्यबिंदू ओलांडून पुढे गेला पाहिजे, म्हणजे झाकण जितकं ओढलं जाईल तितका तो जास्त आवळेल. अलीकडेच थांबला तर तीच ओढ त्याला उघडेल. वरून बघितलं तर दोन्ही हुक सारखेच दिसतात. फरक एखाद्या मिलिमीटरचा.

आता माझा पराक्रम. मामाने कानस माझ्या हातात दिली. हुकाला मार्कर पेनने रंगवायचं, झाकण बंद करून उघडायचं, रंग कुठे खरडलाय ते बघायचं आणि फक्त तिथेच दोन-तीन हात मारायचे. परत रंग, परत बंद, परत उघड. पंचवीस-तीस वेळा झालं असेल. रोल बारला नवीन रबराची पट्टी लावली होती, त्यामुळे हँडल फार जड जात होतं. मामा जेवायला आत गेला आणि मला कंटाळा आला. मी पंधरा-वीस हात दणकून मारले. हँडल एका बोटाने फिरायला लागलं. मी खूश! मामीला बोलावून दाखवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण खडखड वाजत होतं. रबर रात्रभर दाबून बसलं होतं आणि हुकात फट पडली होती. कागदाची पट्टी रबरात धरून ओढली तर ती सुळकन बाहेर आली. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. मामा काहीच बोलला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. त्याने नवीन हुक मागवला. तो यायला आठ दिवस लागले. बिघडलेला हुक त्याने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हा तुझा." तो आता हॉस्टेलमध्ये माझ्या टेबलावर आहे. दहापैकी नऊ मार्कांचा जॉब कुठे आहे, मला माहीत नाही.

दुसरा हुक आम्ही नऊ संध्याकाळी घासला. रोज थोडा. रबर बसू दिलं, सकाळच्या गारव्यात बघितलं, दुपारच्या उन्हात बघितलं. शेवटी हँडल फिरताना एक जाड 'खट्ट' आवाज आला आणि कागदाची पट्टी चारी बाजूंना घट्ट धरली गेली. मला वाटलं, संपलं. मामा म्हणाला, "आता कुठे अर्धं झालं."

त्याने मला आत बसवलं. बेल्ट बांधायला लावला, हेडसेट घालायला लावला. "डोळे मिट. आता बाहेर पड."

माझा हात आधी रोल बारवर गेला, मग काचेवर. हँडल सापडलं ते उलटं फिरवलं. आठ-दहा सेकंद गेले असतील, पण मला ते पाऊण तासासारखे वाटले आणि फेब्रुवारीतली ती बाथरूमच्या आतली मुलगी आठवली. मग मामाने मामीला बोलावलं आणि काहीही न सांगता बाहेरून उघडायला लावलं. मामीने हँडल ओढलं. ते फिरवायचं असतं. दुसऱ्या दिवशी बाहेर हँडलशेजारी ठसठशीत बाण आणि 'उघडा' असा इंग्रजी शब्द लागला. कारण अपघात झाला तर उघडणारा माणूस मामा नसेल. तो शेतातून धावत आलेला कुणी अनोळखी असेल. शिवाय सीटशेजारी काच फोडायचं एक हत्यार ठेवलंय, तेही याच कारणासाठी.

मामाच्या मते कडीची दोनच कामं. नको तेव्हा उघडू नये आणि हवं तेव्हा कुणालाही उघडता यावं. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकच सांभाळलं तर ती कडी नव्हे. पहिलं काम फसलं तर हवेत झाकण उघडतं. तेव्हा विमान बहुधा उडत राहतं, पण वारा आणि आवाज असा अंगावर येतो की माणूस झाकण धरायला धावतो आणि विमान सांभाळायचं विसरतो. म्हणून शिकवतात, आधी विमान उडवा, कडी नंतर. दुसरं काम फसलं तर काय होतं, ते आमच्या मजल्याने बघितलंय.

हँडल कुठे आणि कसं बसवलं यावर किती अवलंबून असतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून गेले. विमान होतं घरी बांधलेलं 'लाँग-ईझी', बर्ट रुटान यांच्या डिझाइनचं. ते डेन्व्हर यांनी बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. मूळ आराखड्यात इंधनाच्या टाक्या बदलायचं हँडल वैमानिकाच्या पुढ्यात होतं. बांधणाऱ्याने ते डाव्या खांद्यामागे बसवलं. तिथे पोचायला सीटमध्ये मागे वळावं लागायचं आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जाण्याची भीती होती. अमेरिकेच्या एनटीएसबीने चौकशीत नेमकं याच दिशेने बोट दाखवलं. हँडलची जागा, त्यावर खुणा नसणं आणि त्या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण नसणं ही कारणं अहवालात आहेत. हँडल चालत होतं हो! फक्त बेल्ट बांधून बसलेल्या माणसाला ते चालवता येत नव्हतं.

तर मित्रमैत्रिणींनो, आणि माननीय सर-मॅडम, माझं म्हणणं एवढंच आहे. आपण चार वर्षांत जे जे बनवतो ते कुणीच वापरत नाही. फिटिंगचा जॉब तपासला की खोक्यात जातो, शीट गुंडाळून कपाटावर जाते, बी.ई.चा प्रोजेक्ट काळ्या बाइंडिंगमध्ये लायब्ररीत जातो. जे कुणी वापरणारच नाही ते नीट बसलं काय आणि न बसलं काय! म्हणून आपण छापतो, जीटी मारतो, नंबर घासतो. आपण आळशी आहोत म्हणून नाही (थोडे आहोतच!), तर आपण बनवलेल्या कडीमागे कुणी अडकणार नसतं म्हणून. मामा नऊ संध्याकाळ घासत बसला कारण त्या झाकणाखाली तो स्वतः बसणार आहे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, वेळ कुठे आहे? युनिव्हर्सिटीचा सिलॅबस, साठ-साठची बॅच, चार व्हाइस. मान्य. पण मी नवीन जॉब मागत नाहीये. आहे तोच फिटिंगचा जॉब 'व्ही' खाचेऐवजी एखाद्या खऱ्या कडीचा करा. तासही तेवढेच, लोखंडही तेवढंच.

दुसरा, घरी बांधलेली विमानं धोकादायक असतात, त्यांचं कसलं कौतुक? हाही खरा. एनटीएसबीच्या 2012 च्या अभ्यासातही अशा विमानांचं अपघाताचं प्रमाण तशाच वापराच्या इतर विमानांपेक्षा जास्त दिसलं. पण म्हणूनच तर तिथे हौशी माणूस स्वतःच्या कामावर संशय घ्यायला शिकतो. 1953 साली पॉल पोबेरेझनी यांनी सुरू केलेल्या ईएए या संस्थेचे जाणकार स्वयंसेवक काम चालू असताना येऊन बघून जातात. विमान तयार झाल्यावरही आधी ठरावीक क्षेत्रात चाचणी उड्डाणं करावी लागतात, परंपरेने 25 किंवा 40 तास, आणि तोवर हौसेने कुणाला फिरवता येत नाही. आपल्याकडे जॉबची चाचणी किती सेकंद होते? सर उजेडाकडे धरतात तेवढी.

तिसरा, "आपण सगळे शेवटी सॉफ्टवेअरमध्येच जाणार, कानस कशाला?" माझ्या पार्टनरचा हा लाडका मुद्दा. पण परवा रेल्वेचं तिकीट काढताना फॉर्म भरून बटण दाबलं की स्क्रीन गोल गोल फिरायची, तेव्हा तीच म्हणाली, "हे बनवणाऱ्याने स्वतः एकदा तिकीट काढून बघितलंय का?" मी काही बोलले नाही. फक्त टेबलावरचा हुक तिच्यासमोर ठेवला.

आणि हे फक्त अमेरिकेत, गॅरेज असलेल्यांनाच जमतं असंही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी बघितलं आणि 2017 मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली. आपण सगळ्यांनी अभिमानाने त्याचे फोटो पुढे पाठवले असतील. पण गच्चीवर उन्हात वर्षानुवर्षं एकेक भाग जुळवताना ते काय असेल, याचा विचार मी तरी त्या नऊ संध्याकाळींच्या आधी कधी केला नव्हता.

म्हणून दोन सूचना. एक, फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब कॉलेजात किंवा हॉस्टेलमध्ये वापरला जाईल असा असावा. कडी, बिजागरी, खिडकीचा आकडा, काहीही. त्यावर करणाऱ्याचा रोल नंबर पंच करावा आणि तो चार वर्षं तिथेच राहावा. लागला नाही तर अख्ख्या मजल्याला कळेल कुणाचा आहे! दोन, बी.ई.च्या ओरलला प्रोजेक्ट करणाऱ्यांना बाहेर उभं करावं आणि एखाद्या ज्युनियरला आत बोलावून म्हणावं, "चालवून दाखव."

सल्ला देऊन गप्प बसणं बरं दिसलं नसतं. परत आल्यावर मी रेक्टर मॅडमकडे बाथरूमची कडी दुरुस्त करायची परवानगी मागितली. त्यांनी आधी अर्ज मागितला, मग स्वतःची टॉर्च दिली. मी कोयंडा चार मिलिमीटर खाली घ्यायच्या तयारीत होते. मग मार्कर लावून बघितलं तर दोष कोयंड्याचा नव्हताच. दाराच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होते, त्यामुळे दारच खाली लोंबत होतं. भोकांत फेव्हिकॉल लावून लाकडाच्या काड्या ठोकल्या, लांब स्क्रू बसवले आणि कडीचं टोक जरासं घासलं. दोन संध्याकाळी. आता दार न उचलता कडी लागते. खालच्या बाजूला माझा रोल नंबर पंच केलाय. या वेळी कुणाचा घासावा लागला नाही.

पण मामाच्या हिशोबाने हे अर्धंच झालंय. कडी नको तेव्हा उघडत नाही, पण आतली मुलगी चक्कर येऊन पडली तर बाहेरून उघडायची सोय आपल्या एकाही बाथरूमला नाही. बाहेरून स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येणाऱ्या कड्या बाजारात मिळतात. त्या आणल्या तर बसवायला मी येईन, आणि आमच्या मेकॅनिकलच्या सहा जणीही येतील. विचारून ठेवलंय.

पावसाळ्यात दार फुगेल आणि कडी परत अडेल, हे माहीत आहे. तेव्हा परत घासू. कानस माझ्याकडे आहे. मागायला या. चुकून 'कणीस' म्हणालात तरी मला कळेल!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल